शेऱ्याचा रकाना

जुन्या दप्तरात, वाळवीने कडा खाल्लेल्या पानावर,
शाई तपकिरी झालेली :
क्षेत्र एकोणीस एकर. मुरमाड. पोटखराब.
शेरा – येथे विमान उतरते. मेंढरे बसवू नयेत.

मी हे सगळं संगणकात भरतोय.
शेऱ्याला तिथे सात पर्याय.
उतरणं त्यात नाही.

म्हणून एका रविवारी स्कूटर काढली,
होटगीच्या वाटेने गेलो.
माळावर बोरीची झुडपं, एक वाकलेला लोखंडी खांब,
आणि खांबाच्या सावलीत, सावलीएवढाच बारीक,
मलकारी हाटगर.
"आमच्या आज्ज्याला पगार हुता," म्हणाला,
"म्हैन्याला च्यार रुपय.
घरघर आली की मेंढरं हाकायची,
घरघर गेली की मागं आणायची.
असली नोकरी दुसऱ्या कुनाला नव्हती बगा."

पेट्रोल यायचं बैलगाडीतून, पत्र्याच्या डब्यांत.
गाडीवानाला विडीची बंदी,
म्हणून तो वाटभर बैलांवर राग काढायचा.
मधोमध चुन्याचा गोल.
शेळ्या तो चाटून जायच्या.

वारा कुठला, हे वरच्याला कळायचं
गिरणीच्या चिमणीवरून. धूर कलला की झालं.
मग गिरणीत संप झाला.
सतरा दिवस चिमणी नुसतीच उभी,
आणि विमान वर घिरट्या घालतंय,
पत्ता विसरलेल्या पोस्टमनसारखं.

कुणीतरी सुचवलं, वाऱ्याला पायमोजा शिवा.
नरसय्या गुंडेटीच्या घरी माग होता, आणि काम नव्हतं.
पण संपात मागावर बसणं म्हणजे फितुरी.
पंच दोन रात्री बसले.
तिसऱ्या पहाटे ठरलं :
गिरणीसाठी नाही, वाऱ्यासाठी विणायला हरकत नाही.

नरसय्याला एकच ठाऊक, जाड आणि टिकाऊ.
त्याने चादर विणली, दुहेरी सुताची,
कडेला मोरही काढले.
खांबावर ती लोंबत राहिली
भिजलेल्या म्हशीच्या कानासारखी.
वरच्याला वाटलं, वारा पडलाय.
उतरला तो आडवा, बोरीत शिरला, एक चाक मोडलं.
तो साहेब होता की पारशी, यावर अजून एकमत नाही,
पण बाहेर येऊन त्याने जे सुनावलं
ते तीन भाषांत सगळ्यांना समजलं.

तेलुगूत वाऱ्याला म्हणतात गाली, कानडीत गाळी,
आणि इथे मराठी माणसाला दोन्ही शिवीच वाटतात.
त्या दिवशी माळावर
तिन्ही अर्थ एकदम वाहत होते.

संध्याकाळी नरसम्मा काही न बोलता आत गेली.
स्वतःचं लुगडं आणलं,
धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं,
काठ तेवढा लाल.
नवऱ्याच्या समोरच कात्री लावली.
रात्रीतून शिवलं.
सकाळी खांबावर चढवलं, तर
कुणाला अंगावर जाणवत नव्हता असला वारा
तिच्या लुगड्याने ओळखला,
आडवा झाला, काठ फडफडला.

म्हणे त्यानंतर ती तिकडे फारशी गेली नाही.
आपलं लुगडं चारचौघांत असं हवेत,
तिला लाज वाटायची. किंवा दुसरंच काही.
मलकारीला ठाऊक नाही. मलाही.

विमानं किती वर्षं आली, कधी थांबली, नोंद नाही.
दप्तरात त्याच पानाला टाचलेली एक पावती मात्र आहे :
जुने लुगडे, नग एक, सव्वा रुपया.
घेणाराची सही नाही. अंगठा आहे.
बारीक, स्वच्छ रेघांचा,
जवळ धरलं तर
एकामागे एक घिरट्या घालणारा.

सोमवारी कार्यालयात येऊन
सातांपैकी चौथा पर्याय निवडला. पड.
यंत्राने विचारलं, नक्की?
खिडकीजवळचे कागद जरा हलत होते.
मी बराच वेळ बोट उचललं नाही.
मागून साहेब ओरडले, "पंखा कोणी लावलाय?"
पंखा बंद होता.